मातीच्या तव्याचं व्रत

आमच्या देव्हाऱ्यात देव बरेच होते आणि स्वयंपाकघरात तवा एकच, पण खरं सांगायचं तर घरात धाक होता तो तव्याचा. देवांची पूजा एखाद्या दिवशी उशिरा झाली तर अव्वा, म्हणजे माझी आई, दोन्ही कान पकडून देवांची समजूत काढायची आणि देव बिचारे समजून घ्यायचे. तव्याच्या बाबतीत असली सूट नव्हती. त्याला साबण लावायचा नाही. त्यावर चिंच-कैरीचं काही शिजवायचं नाही. शेवटची भाकरी उतरली की तवा गरम असतानाच कोरड्या फडक्यानं पुसायचा, करडईच्या तेलाचं एक बोट फिरवायचं आणि खिळ्याला टांगायचा. जमिनीवर ठेवायचा नाही, आणि पालथा तर मुळीच नाही, कारण पालथा तवा घरात कुणी मेल्यावर. तो तवा अव्वाच्या माहेरी, मैंदर्गीच्या लोहारानं घडवलेला. दोन विती रुंद, जाडजूड, मधे किंचित खोलगट, आणि इतका काळाकुळकुळीत की त्यात तोंड दिसावं. लग्नात अव्वाच्या अंगावर सोनं फारसं नव्हतं. तवा मात्र आला होता, आणि सासरच्यांनी त्याबद्दल नाकं मुरडली होती. पुढं त्याच नाकांखाली त्याच तव्यावरच्या भाकऱ्या गेल्या, हा भाग वेगळा.

भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत अव्वा खानावळ चालवायची. बारा मेंबरं होती, सगळे मिलमधले कामगार, गावाकडं बायकापोरं ठेवून आलेले. पहाटे मिलचा भोंगा व्हायच्या आधी परातीत भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि भिंतीपलीकडं लचमाक्काच्या घरातला माग त्याला साथ द्यायचा. लचमाक्का तेलुगू, चादरी विणणाऱ्यांच्या घरातली, आणि तिची व अव्वाची मैत्री भिंतीतूनच चालायची. भाकरी, शेंगाची चटणी, हुलग्याचं माडगं, कधी भरलं वांगं. इतकाच बेत, पण मेंबरं बोटं चाटायची. अव्वाचं नाक तर गल्लीत प्रसिद्ध होतं. कुणाच्या घरी डाळ लागली, कुणी शिळं पीठ मळलं, हे ती उंबऱ्यात उभी राहून सांगायची. माझे वडील, अप्पा, हेही मिलमध्येच होते, पण त्या वर्षी मिलनं त्यांना घरी बसवलं होतं आणि बसण्याचं काम ते मनापासून करत होते. घर चालायचं ते तव्यावर.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते आणि माझ्याइतकं शहाणं भवानी पेठेत दुसरं कुणी नव्हतं. शाळेत आम्हांला गृहशास्त्र होतं. ते शिकवणाऱ्या बाई पांढरीशुभ्र साडी नेसायच्या आणि 'जंतू' हा शब्द असा काही उच्चारायच्या की आमच्या अंगावर काटा यायचा. एकदा त्यांनी सांगितलं की भांड्यावरचा काळा थर म्हणजे जंतूंची धर्मशाळा. मी घरी येऊन तव्याकडं बघितलं. धर्मशाळा कसली, तिथं तर जंतूंचं अख्खं सोलापूर वसलेलं असणार. मी अव्वाला तसं सांगितलं. अव्वा म्हणाली, "सुम्न कूड." म्हणजे गप बस. ती मूळची कानडी, मराठीत बोलायची, पण झापताना कानडीत जायची.

आमच्याकडं नागपंचमीला तवा चुलीवर चढत नाही. नागाला चटका बसतो म्हणे. त्यामुळं आदल्या दिवशी अव्वा कडक भाकऱ्यांची चळत रचून ठेवायची आणि पंचमीला सगळं उकडलेलं. वर्षातून एकदा तव्याला सुट्टी, आणि त्या दिवशी त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघायचं नाही. अव्वा लाह्या-दूध घेऊन गल्लीतल्या बायकांबरोबर वारुळाला गेली, अप्पा झोक्याच्या झाडाखाली दुसऱ्यांच्या पोरींना झोके द्यायला गेले, आणि मी पदर खोचला. बाईंनी सांगितलं होतं तसा धुण्याचा सोडा घेतला, चिंच घेतली, वीट फोडून तिचा चुरा केला आणि काथ्यानं तवा घासायला बसले. पहिला तासभर तव्यानं दाद दिली नाही. मग एका कडेला रुपयाएवढं पांढरं लोखंड दिसलं आणि मला चेव आला. दुपारपर्यंत माझी नखं झिजली, पण तवा असा लखलखत होता की नव्या नवरीच्या रुखवतात ठेवावा. अव्वाला सकाळी चकित करायचं म्हणून मी तो त्याच ओल्या फडक्यात गुंडाळला आणि ज्वारीच्या कणगीमागं लपवला. खिळ्याला चाळण टांगली. बाहेर श्रावणातली झिमझिम लागली होती आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी पहाटे फडकं सोडलं तर तव्यावर कुंकू सांडल्यासारखा तांबडा गंज. अव्वानं बोट फिरवलं, बोट तांबडं झालं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, "कशानं घासलंस?" मी सांगितलं. "आन् जंतू?" ती म्हणाली, "गेले का?" तिनं गंज पुसला, तवा चुलीवर ठेवला आणि पहिली भाकरी टाकली. ती तव्याला अशी चिकटली की उलथण्यानं खरवडून काढावी लागली. तिचे तुकडे झाले, आणि त्या तुकड्यांवर तांबडे ठिपके होते. बारा मेंबरांचे डबे व्हायचे होते आणि भोंगा झाला होता.

दोन दिवस अव्वानं त्याच तव्याशी झुंज दिली, मग शेजारून एक पत्र्याचा तवा मागून आणला. त्यावर भाकरीच्या कडा करपायच्या आणि मधला भाग कच्चा राहायचा. नवा तवा का आणला नाही असं कुणी विचारेल. बाजारात मिळायचे ते तसलेच पत्र्याचे, आणि जाड मिळाला तरी त्याला माणसाळायला वर्ष जातं. मेंबरं तेवढी वाट थोडीच बघणार होती? त्यांचे पुढारी होते दगडूमामा, केम गावचे, झुपकेदार मिशांचे आणि मनानं मऊ. ते तिसऱ्या दिवशी डबा परत करायला आले ते उंबऱ्यातच घुटमळले.

"मावशी," ते म्हणाले, "राग मानू नगा. आदी दोन दिस खिळा चोखल्यावानी लागायचं, आता कडंला कोळसा आन् मदी पीठ. म्या खातो, माजं काय न्हाय. पर पोरं म्हणत्यात, कोपऱ्यावरच्या खानावळीत जाऊ."

"कदी जाताव?" अव्वानं विचारलं.

"म्या पुनवेपतोर थांबा म्हणलंय."

दगडूमामा गेल्यावर अव्वा माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऐकलंस न्हवं? मेंबरं गेली की चूल गेली, आन् चूल गेली की तुजी शाळा गेली. मग लचमाक्काच्या पोरींसंगं विड्या वळायला बसायचं. तवा तू बिघडवलास, तूच नीट कर." विड्या वळणाऱ्या मुली मी रोज बघत होते. माझ्याच वयाच्या, मांडीवर सूप, बोटं पिवळी, पाठीला बाक. मला विड्या वळायच्या नव्हत्या. मला पांढरीशुभ्र साडी नेसून कुणाला तरी 'जंतू' म्हणायचं होतं.

आमच्या गल्लीत गंजावर इतके उपाय असतील असं मला वाटलं नव्हतं. अप्पांनी आयुष्यात तवा एकाच बाजूनं बघितला होता, ज्या बाजूनं भाकरी ताटात येते त्या. पण सल्ले देताना उंटावरून उतरायला ते तयार नव्हते. आधी म्हणाले रॉकेल लाव. लावलं, तर भाकरीला कंदिलाचा वास. मग म्हणाले पॉलिश पेपर मार. मारला, गंज गेला, दुसऱ्या सकाळी परत हजर. माझ्या लक्षात एवढं आलं की गंज काढणं सोपं आहे, तो परत येऊ न देणं हे खरं काम आहे. काळा थर ही धर्मशाळा नव्हती, तव्याचं कातडं होतं, आणि ते मी सोलून काढलं होतं. मग मी करडईचं तेल घेतलं आणि घाई होती म्हणून चांगलं पळीभर ओतून तापवलं. त्याचा डिंकासारखा चिकट लगदा झाला. तो काढायला परत वीट, परत काथ्या, आणि ह्या भानगडीत माझ्या बोटांची सालं निघाली. पुनव चार दिवसांवर आली तेव्हा मी मोरीत बसून रडत होते.

भिंतीपलीकडून लचमाक्कानं ऐकलं आणि मला हाक मारली. तिच्या घरात मागाच्या चामडी पट्ट्याला लावायला एक डबा ठेवलेला असायचा. आखाडात मटण झालं की ती चरबी वितळवून त्यात भरून ठेवायची. तिनं तवा उलटापालटा करून बघितला. एखाद्या वैदूसारखं बोट दाबून त्याची नाडी पाहिली.

"तेल पिऊन पिऊन ह्याचं पोट बिघडलंय," ती म्हणाली. "ह्याला चरबी पायजे की."

"आमच्यात चालत नाही, लचमाक्का."

"तुमच्यात चालत न्हाय. तव्यात चालतंय की."

आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. अप्पा महिन्यातून एकदा स्टेशनकडच्या एका हॉटेलात 'मित्राला भेटायला' जायचे आणि बडीशेप चघळत परत यायचे, पण ती गोष्ट अव्वाच्या नाकाला ठाऊक असूनही तोंडाला ठाऊक नव्हती. मी तो डबा बघितला आणि नाकाला पदर लावला. मग मला विड्या वळणाऱ्या मुली दिसल्या. सोमवारी अव्वा दुपारी सिद्धेश्वराला गेली, तेव्हा मी तवा लचमाक्काच्या परसात नेला. गळ्यातलं लिंग पाठीमागं वेणीखाली सरकवलं. देवानं बघू नये एवढीच माझी अपेक्षा होती. वास त्याला येत असेल का, हे तेव्हा सुचलं नाही. लचमाक्कानं शिकवलं तसं चिंधीला चरबी लावून अगदी पातळ हात फिरवायचा, लावलेलं जणू पुसून टाकायचं, आणि धूर संपेपर्यंत तवा तापवायचा. परत हात, परत धूर. पाच-सहा वेळा झाल्यावर तवा आधी तपकिरी आणि मग काळा झाला. मी तो राखेनं पुसला, आणि आमच्या खिळ्याला नेऊन टांगला.

मंगळवारी पहाटे अव्वानं पहिली भाकरी टाकली. ती चिकटली नाही. वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि निखाऱ्याकडं नेली तर टम्म फुगली. अव्वानं ती उतरवली. मग वाकून तव्याच्या जवळ नाक नेलं आणि तशीच थांबली.

"काय लावलंस?" तिनं विचारलं.

"करडईचं तेल," मी म्हणाले.

तिनं माझ्या बोटांकडं बघितलं. मग "बरं" म्हणाली आणि दुसरा उंडा घेतला. त्या दिवशी डबा परत करताना दगडूमामा उंबऱ्यात घुटमळले नाहीत. "मावशी, आज पोरांनी एकेक भाकर जास्ती मागितली," म्हणाले, आणि मेंबरं राहिली. पुढच्या महिन्यात माझी मॅट्रिकची फीसुद्धा भरली गेली.

पण त्याच मंगळवारी संध्याकाळी अव्वा कुंभाराकडून एक छोटा मातीचा तवा घेऊन आली. गल्लीतल्या बायकांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "सिद्धेश्वराला बोलून आलेय. आजपासून मी मातीच्या तव्यावरचीच भाकरी खाणार, आन् आल्या-गेल्या अय्यांना तीच वाढणार." झालं. बायकांनी तिथल्या तिथं तिच्या पाया पडून घेतलं. मेंबरांचं, अप्पांचं आणि माझं लोखंडी तव्यावर, आणि सगळं आवरल्यावर अव्वा स्वतःसाठी मातीच्या तव्यावर दोन भाकऱ्या टाकायची. त्या फुगायच्या नाहीत, कडेला तडकायच्या, त्यांना मातीचा वास यायचा. सोमवारी भिक्षेला येणारे अय्या, म्हणजे आमचे जंगम, तर इतके प्रसन्न झाले की म्हणाले, ह्या व्रताला पुराणात दाखला आहे. कुठल्या पुराणात ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. श्रावण संपेपर्यंत गल्लीत पाच मातीचे तवे झाले. एकीचा मुलगा नापास व्हायचा तो पास झाला, एकीची म्हैस गाभण राहिली, आणि दोन्हींचं श्रेय व्रताला गेलं. व्रताचं कुंभाराइतकं पुण्य कुणालाच लागलं नसेल. अप्पा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या बायकोच्या निष्ठेबद्दल सांगायचे, आणि महिन्यातून एकदा मित्राला भेटायला जायचे. मला मात्र मनातून वाटायचं, सुटले बाई. आई देवाधर्माच्या नादात आहे, तिच्या पोटात काही वावगं जात नाही, माझं पाप आपोआप मिटलं. चोरट्या पोरीला योगायोगाइतका जवळचा देव दुसरा नसतो.

पुढं मी खरोखरच गृहशास्त्राची बाई झाले. पंचवीस वर्षं मुलींना जंतूंची भीती घातली, पण तव्याबद्दल मात्र कधी अवाक्षर काढलं नाही. मधल्या काळात अप्पा गेले, मिल बंद पडली, मेंबरं आपापल्या गावी गेली, आणि अव्वा माझ्याकडं राहायला आली ती दोन्ही तवे घेऊन. व्रत चालूच होतं. परवा भवानी पेठेत गेले होते तर एका घरातल्या नव्या सुनेनं मला ह्या व्रताची कहाणी सांगितली. त्यात एक राजा आला आहे, आणि एक नागकन्याही. मी हात जोडून ऐकली.

अव्वा माझ्याकडं आल्यावर चार-पाच वर्षांनी, एका सकाळी तिचा मातीचा तवा मोलकरणीच्या हातून पडून फुटला. एव्हाना जुना कुंभार उरला नव्हता. मी म्हणाले, "पुरे आता, अव्वा. पस्तीस वर्षं झाली. देवानंसुद्धा एवढं व्रत धरलं नसतं." अव्वा खापऱ्या गोळा करत होती. ती म्हणाली, "कसलं व्रत? तुज्या चरबीचं."

तिनं खापऱ्या कागदात नीट बांधल्या, कुणाला लागू नयेत म्हणून.

"तुला माहीत होतं?"

"गल्लीतली करपलेली डाळ मला कळती, आन् बोकड कळंना व्हय?"

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं की. तू करडई म्हणालीस. परत विचारलं असतं तर तू खरं बोलली असतीस, लबाडी तुला पुरती जमत न्हवती. आन् खरं बोलली असतीस तर तवा फेकावा लागला असता. मग मेंबरं कुटं जाणार, आन् तू कुटं जाणार? मेंबरं तर खाणारीच होती, तुज्या अप्पाचं तर सांगूच नको. राहिले मी आन् अय्या. आमी दोगं मातीवर भागवलं."

"आणि मी? मला का वाढलीस लोखंडी तव्यावरची?"

"तू हातानं लावलीस. तुला कशाला माती?" असं म्हणून ती हसली. मला मात्र हसू येईना. पस्तीस वर्षं ती रोज तडकलेली, मातीच्या वासाची भाकरी खात होती, स्वतःच्या हातची टम्म फुगलेली भाकरी आम्हांला वाढून, आणि मी त्याला देवाधर्माचा नाद समजत होते. माझं पाप मिटलं नव्हतं, ती रोज दोन वेळा ते जेवत होती. मी रडायला लागले तेव्हा ती वैतागली आणि म्हणाली, रडायचं तर रड, पण एक सांग, मैंदर्गीच्या तव्यावरची अजून तशीच लागती का?

मी चपला घातल्या आणि वीट शोधायला निघाले. आमच्या कॉलनीत वीट मिळणं सोपं नाही, एका बांधकामावरून चक्क चोरून आणली. पन्नाशी उलटलेल्या बाईला गच्चीवर बसून काथ्यानं तवा घासताना बघून खालच्या मजल्यावरचे लोक काय म्हणाले असतील ते असो. पस्तीस वर्षांचं काळं कातडं निघून खालचं पांढरं लोखंड दिसेपर्यंत मी घासत राहिले. तवा शेगडीवर तापवून तापवून लाल केला, राखेनं पुसला, आणि ह्या वेळी ओला म्हणून क्षणभर ठेवला नाही. मग करडईच्या तेलाचं एक बोट, लावलेलं जणू पुसून टाकावं इतकं पातळ, आणि धूर संपेपर्यंत आच. रोज तीन-चार हात, आठ दिवस. आठव्या दिवशी तवा काळाकुळकुळीत झाला. म्हणजे लचमाक्काची चरबी मुळी लागतच नव्हती, नुसता हात पातळ पाहिजे होता. हे मला कळलं तेव्हा मी गच्चीवर एकटीच होते, आणि अव्वाला ते मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नवव्या दिवशी मी भाकरी टाकली. फुगली. अव्वा पाटावर बसली होती. तिनं ताटाला हात लावला नाही. म्हणाली, तवा आण. मी चिमट्यात धरून तवा तिच्यासमोर नेला. तिनं वाकून नाक जवळ नेलं आणि तशीच थांबली.

"काय लावलंस?" तिनं विचारलं.

"करडईचं तेल," मी म्हणाले.

तिनं माझ्या बोटांकडं बघितलं. मग भाकरीचा पापुद्रा काढला, चटणीला लावला आणि बराच वेळ चावत राहिली. "एका कडंला करपलीया," ती म्हणाली. "आणिक अर्धी वाढ."